द्राक्षांचा कालवा आणि मोहाचें रान

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांनीं भुवया उंचावल्या असतील. गांवोगांवच्या द्राक्षासवाची चव घ्यावयाची, आणि तीही कालव्यांतल्या नावेंत बसून, आठवडाभर, हाताशीं दुसरें कांहीं काम नसतांना! त्यांतून मी आसनगांवचा राहणारा. कल्याण-कसारा मार्गावरचें हें स्टेशन बहुतेकांनीं नाशिकला जातांना खिडकींतून पाहिलेलें असतें, आणि माहुलीचे सुळके मागें पडण्याच्या आंत तें विसरलेलेंही असतें. अशा गांवच्या माणसानें फ्रान्समधल्या कालव्याच्या गोष्टी सांगाव्या यांत थोडी विसंगति आहे खरी. परंतु त्या कालव्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें मला जो प्रश्न विचारला त्याचें उत्तर मला आसनगांवांतच शोधावें लागलें. म्हणून या दोन्ही गोष्टी एकत्र सांगण्याची मी आपली परवानगी घेतों.

दक्षिण फ्रान्समध्यें तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्रालगतच्या ‘तो’ नांवाच्या खाऱ्या सरोवरापर्यंत सुमारें २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा आहे. त्याला ‘कानाल द्यु मिदी’, म्हणजे दक्षिणेचा कालवा, असें म्हणतात. मिठावरील कर गोळा करणाऱ्या प्येर-पोल रिके नांवाच्या गृहस्थानें चौदाव्या लुईच्या अमदानींत या कामाचा विडा उचलला. १६६६ सालीं राजाची मंजुरी मिळाली. रिकेनें घरची दौलत त्यांत ओतली. आणि १६८१ सालीं कालवा खुला होण्यापूर्वीं कांहीं महिने तो मरण पावला. डोंगरांतले ओढे एका मोठ्या धरणांत अडवावयाचे, तें पाणी कालव्याच्या सर्वांत उंच जागीं आणावयाचें आणि तेथून दोन्ही अंगांस सोडावयाचें, ही त्या रचनेंतली मुख्य युक्ति. कालव्याच्या कांठचा गहू आणि कांठचें मद्य हा त्यावरून जाणारा माल. पुढें आगगाडी आली, मग मोटारी आल्या, आणि मालवाहू पडाव एकेक करून थांबले. आतां त्याच पाण्यावर सुटी घालविणाऱ्या मंडळींच्या नावा चालतात. १९९६ सालीं युनेस्कोनें या कालव्याचा जागतिक वारशांत समावेश केला.

अशा एका नावेंत मीं, माझ्या पत्नीनें आणि मुलीनें सात दिवस काढले. त्या पाण्यावर ताशीं आठ किलोमीटरांहून अधिक वेगानें नाव हांकण्यास मनाई आहे. आपल्याकडचा एखादा चांगला टांगाही तिला सहज मागें टाकील. त्यांतून वाटेंत जलद्वारें लागतात. मागचा दरवाजा बंद, पुढचा दरवाजा बंद, आणि मधल्या हौदांत पाणी भरलें कीं नाव वरच्या पायरीवर चढते, पाणी सोडलें कीं खालच्या पायरीवर उतरते. या चढउतारांत वेळ जातो, आणि तो गेल्याबद्दल कोणी हळहळत नाहीं. तेवढ्यांत माणूस कांठावर उतरतो, भाजी-पाव घेतो, आणि कोणाच्या तरी ओसरीवर मांडलेल्या बाटल्यांशीं थबकतो.

मी पिणारा माणूस नव्हे. त्या सात दिवसांत एका बैठकीला दोन घोटांपलीकडे गेलों नाहीं. पण चव समजण्यास दोन घोट पुरतात. कालव्याच्या उत्तरेस मिनर्व्वा नांवाचा मुलूख आहे, दक्षिणेस कोर्बियेर. दोहोंकडे द्राक्षांच्या जाती पुष्कळशा त्याच, ऊनवाराही फारसा निराळा नाहीं. तरी इकडच्या मद्याची चव तिकडच्याला नाहीं. सकाळीं जी टेकडी डाव्या हाताला दिसावी तिचाच रस दुपारीं पेल्यांत यावा, असा तो प्रवास. कालव्याच्या शेवटीं, त्या खाऱ्या सरोवराच्या कांठीं, कालवें खातात आणि त्यांजबरोबर तेथेंच पिकणाऱ्या द्राक्षांचें पांढरें मद्य घेतात. पाण्यांतलें अन्न आणि कांठावरचें पेय यांची लग्नगांठ जणूं त्या जमिनीनेंच बांधलेली. तेथला माणूस मद्याला बनविणाऱ्याच्या नांवानें फारसा ओळखत नाहीं. गांवाच्या आणि मुलुखाच्या नांवानें ओळखतो. आपण आंब्याला देवगडचा म्हणतों, तांदळाला आंबेमोहोर म्हणतांना कोठला तें आवर्जून विचारतों, तसेंच तें.

आतां तो प्रश्न. ओंप्स नांवाचें एक लहानसें गांव आहे. पूर्वीं तेथून पिंपेंच्या पिंपें मद्य पडावांत चढत असे. तेथें एका म्हाताऱ्या द्राक्ष-बागाइतदाराच्या ओसरीवर आम्ही बसलों होतों. मुलगी दुभाष्याचें काम करीत होती. म्हाताऱ्यानें आपल्या बागेची, आज्याच्या बागेची, मातींतल्या खड्यांची हकीकत सांगितली, आणि मग सहज विचारलें, “तुमच्या गांवीं काय पितात?”

मीं म्हटलें, “चहा.”

“चहा तुमच्या गांवीं पिकतो काय?”

“नाहीं, तो आसामांतून येतो.”

“मग तुमच्या गांवच्या मातीचें काय?”

मी गप्प बसलों. मला उत्तर येत नव्हतें असें नाहीं. येत होतें, पण तें सांगण्याची मला लाज वाटली. या लाजेचें मूळ काय, याचा विचार मी परतीच्या सबंध प्रवासांत करीत होतों.

प्रथम मनाला बरें वाटेल असें एक उत्तर मीं तयार केलें. आसनगांवाहून गाडीनें कसाऱ्याचा घाट चढलें कीं नाशिक, आणि नाशिक म्हणजे आज हिंदुस्थानांतील द्राक्षमद्याचें मुख्य ठाणें. गंगापूर धरणाच्या परिसरांत राजीव सामंत यांनीं सुला ही मद्यशाळा काढली, आणि २००० सालापासून तेथील मद्य बाजारांत आलें. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर करून या धंद्याला करांत सवलती दिल्या. त्याच्याही आधीं, १९८० नंतरच्या दशकांत, जुन्नर तालुक्यांतील नारायणगांवीं शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फसफसणारें द्राक्षमद्य तयार केलें होतें. हें सर्व अभिमानास्पद आहे. परंतु नाशिक आणि जुन्नर हे आमचे घाटावरचे शेजारी. शेजाऱ्याच्या दारांतली बाग दाखवून आपल्या अंगणाचा प्रश्न सुटत नाहीं.

मग मी इतिहासाकडे वळलों. आमच्याकडे नावांचा कालवा नव्हता; पण जलमार्ग होता. आसनगांवाजवळून वाहणारी भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला मिळते, आणि उल्हास कल्याणावरून खाडीला जाते. कल्याण हें पुरातन बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नांवाच्या ग्रीक प्रवासग्रंथांत त्याचें नांव आहे. आणि त्याच ग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालाची जी यादी दिली आहे तींत मद्य आहे, व त्यांतही इटलीच्या मद्याला विशेष मागणी असल्याचें म्हटलें आहे. तें ज्या दोन कानांच्या उंच रांजणांतून येई त्यांचे तुकडे घारापुरीस सांपडले आहेत, आणि दूर घाटावर नेवाशाच्या उत्खननांतही सांपडले आहेत. कोंकणांतून जुन्नर-पैठणकडे जाणारी मोठी वाट म्हणजे नाणेघाट, आणि त्या घाटाचा पायथा आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यांत आहे. तेव्हां रोमच्या द्राक्षांचा एखादा रांजण मुरबाडच्या रानांतून हमालांच्या खांद्यावरून वर गेला असेल, अशी कल्पना करण्यास हरकत नाहीं. पण तें मद्य राजांचें आणि सावकारांचें. ज्याच्या खांद्यावरून तो रांजण गेला त्याला त्यांतला थेंबही मिळाला नसेल. तो माणूस संध्याकाळीं घरीं जाऊन काय पीत असेल?

या प्रश्नापाशीं मी आलों आणि मला माझ्या लाजेचें नांव सांपडलें. तें नांव ‘मोह’.

श्रोतेहो, फाल्गुन-चैत्रांत आपण पहांटेच्या गाडीनें आसनगांवीं उतरलांत आणि माहुलीच्या पायथ्याच्या वाटेला लागलांत, तर कोठें तरी एक दाट, गोडसर वास आपल्याला थांबवील. मोहाचें झाड त्या वेळीं बहुतेक निष्पर्ण असतें. फुलें रात्रीं उमलतात आणि पहांटे गळूं लागतात. फिकट पिवळीं, गुबगुबीत, रसानें भरलेलीं. झाडाखालची जागा आधींच झाडून स्वच्छ केलेली असते, आणि टोपली घेऊन घरांतलीं बायकामुलें एकेक फूल वेंचीत असतात. परत आल्यावर अशाच एका पहांटे मी एका म्हाताऱ्या ठाकरिणीजवळ जाऊन उभा राहिलों. “या फुलांचें काय करतां, आजी?” असें मीं विचारलें. या गांवांत इतकीं वर्षें राहूनही मीं तें पूर्वीं कधीं विचारलें नव्हतें. ती म्हणाली, “काय नाय करत, तें इचार दादा. दुकाळात ह्या फुलांनी आमाला जगवलं.”

आणि तिनें सांगितलें तें असें. फुलें वाळवून पावसाळ्यासाठीं ठेवतात. शिजवून खातात, भाजून खातात, पिठांत मिसळून भाकरी करतात. पुढें फळें येतात. त्यांच्या बियांचें तेल काढतात, तें जेवणांतही चालतें आणि दिव्यांतही. आणि दारू? तिनें इकडेतिकडे पाहिलें, मग हंसली. वाळलेलीं फुलें कांहीं दिवस पाण्यांत भिजत घालावयाचीं; तीं आंबलीं कीं मडकें चुलीवर ठेवावयाचें; वाफ नळींतून दुसऱ्या, गार पाण्यानें निवविलेल्या भांड्यांत न्यावयाची. पहिली धार तेज, मागाहूनची सौम्य. लग्नांत ती लागते, मयतांत लागते. आधीं देवाला आणि पितरांना शिंपडावयाची, मग माणसांनीं घ्यावयाची. कोणत्या झाडाचें फूल गोड, कोणत्या झाडाचें उग्र, कोणतें लवकर आंबतें, हें तिला झाडागणिक ठाऊक होतें. तो फ्रेंच म्हातारा आपल्या मातींतल्या खड्यांविषयीं जसा बोलला होता तशीच ही बोलत होती. फरक एवढाच कीं तो मोठ्यानें बोलला, आणि ही हळू आवाजांत.

हा हळू आवाज कोठून आला? मोहाची विद्या कांहीं रानांतल्या अडाण्यांची नव्हे. आपल्या चरकसंहितेंत मधूकपुष्पांच्या आसवाचा उल्लेख आहे. मधूक म्हणजेच मोह. जी वस्तु वैद्याच्या ग्रंथांत आसव म्हणून मानानें बसली, तीच पुढें ठाकर-कातकऱ्याच्या झोंपडींत गुन्हा झाली.

तो गुन्हा कसा झाला हें तारखांनिशीं सांगतां येतें. १८७८ सालीं मुंबई सरकारनें अबकारीचा कायदा केला. त्यानंतर घरची भट्टी बेकायदेशीर ठरली, आणि दारू गाळण्याचा अधिकार मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला. उरण हें त्या भट्ट्यांचें मोठें केंद्र. आणि मौज अशी कीं तेथें लागणारें मोहाचें फूल मुख्यतः गुजरातेंतल्या पंचमहालांतून येई. म्हणजे ठाण्याच्या आदिवासीच्या अंगणांत फूल फुकट पडत होतें, पण त्यानें तें आंबवावयाचें नाहीं. परक्या मुलुखाच्या फुलाची, परक्याच्या भट्टीची, कर भरलेली दारू पैसे देऊन विकत घ्यावयाची. तरीही तो आपल्या चुलीवर मडकें ठेवीच. तेव्हां १८९२ सालीं ‘मोहरा ॲक्ट’ आला, आणि ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत दारूवरच नव्हे, तर नुसत्या फुलावरही निर्बंध आले. जें अन्न होतें तें बाळगण्यासाठीं परवान्याची गरज पडूं लागली.

१८९२ हें साल आमच्या शहापूर तालुक्याला दुसऱ्या एका कारणानेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. त्याच सालीं तानसा धरणाचें पाणी मुंबईस जाऊं लागलें. पुढें १९५७ सालीं वैतरणेवर मोडकसागर झाला, त्यानंतर भातसा धरण झालें. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वांटा या एका तालुक्यांतून जातो, आणि त्याच तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पहावी लागते. मला त्या वेळीं रिकेच्या धरणाची आठवण झाली. त्यानेंही डोंगराचें पाणी अडविलें. पण तें उघड्या कालव्यानें गांवांच्या दारावरून नेलें, आणि गांवचा माल त्याच पाण्यावर चढून बाजारांत गेला. आमचें पाणी बंद नळांतून गांवांना ओलांडून गेलें. त्यावर ना नाव चालली, ना मोहाची एक टोपली कोठें पोंचली. तेथला शेतकरी मोठ्यानें बोलतो आणि येथली म्हातारी हळू बोलते, याचें कारण द्राक्ष थोर आणि मोह हलका हें नव्हे. एकाच्या हातीं त्याच्या जमिनीचा रस राहूं दिला. दुसरीच्या हातून तो काढून घेतला, आणि वर तिला चोर ठरविलें.

माझ्या बोलण्यांतून दारूची भलामण ऐकूं येत असेल तर तो माझा दोष. दारूनें उद्ध्वस्त केलेलीं घरें मीं पाहिलीं आहेत. आमच्या भागांतल्या पाड्यापाड्यांतून तीं आजही दाखवितां येतील. गुत्ते बंद करण्यासाठीं गांवोगांवच्या बायका ज्या त्वेषानें उठतात तो त्वेष पुस्तकांतून आलेला नाहीं, पाठीवरच्या वळांतून आलेला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागें हेंच दुःख होतें, आणि तें खरें होतें. परंतु एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. २०१५ सालीं मुंबईंत मालवणी येथें विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. तें विष मोहाचें नव्हतें. मिथेनॉल नांवाचें कारखान्यांत वापरावयाचें रसायन तींत होतें. जी वस्तु उजेडांत करतां येत नाहीं ती अंधारांत होते, आणि अंधारांत कोण काय मिसळतो हें पिणाराला दिसत नाहीं. सणावाराला, देवाला दाखवून, चारचौघांत घेण्याच्या पेयाला एक आपली मर्यादा होती. गुत्त्यावरच्या पेयाला मर्यादा फक्त खिशाची. आपण पेय थांबविलें नाहीं. त्याभोंवतीं असलेली मर्यादा तेवढी मोडली.

आतां वारा थोडा पालटूं लागला आहे. २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें आदिवासींना मोहाचीं फुलें गोळा करण्यावर आणि सांठविण्यावर असलेले निर्बंध उठविले. २०२२ सालीं मोहफुलें, काजूबोंडें यांसारख्या स्थानिक फळाफुलांच्या मद्यांना उत्तेजन देण्याचें धोरण मंत्रिमंडळानें मंजूर केलें. त्यांतला एक विनोद सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ‘देशी दारू’ हें नांव हलकें पडतें म्हणून या मद्यांची गणना ‘विदेशी’ मद्यांत करावयाचें ठरलें! माहुलीच्या पायथ्याचा मोह मानाला चढावा म्हणून त्याला आधीं परदेशी व्हावें लागलें. गोमंतकानें असें केलें नाहीं. त्यानें आपल्या काजूच्या फेणीला २००९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळवून दिला, आणि पुढें तिला राज्याचें वारसा-पेय म्हटलें. मध्य प्रदेशानेंही मोहाच्या दारूला ‘वारसा मद्य’ असें नांव देऊन ती करण्याचें काम आदिवासी गटांकडे सोपविलें. आमच्याकडे काय होईल? फूल वेंचणारीच्या हातांत त्याची किंमत पडेल, कीं १८७८ प्रमाणेंच पुन्हा एखाद्या मोठ्या भट्टीवाल्याच्या? माझ्या मतें खरा प्रश्न हाच आहे. बाटलीवर सुंदर चित्र छापून मुंबईच्या दुकानांत हजार रुपयांस विकलेली मोहाची दारू, आणि टोपलीमागें चार आणे मजुरी घेणारी म्हातारी, असें दृश्य दिसणार असेल तर तो उरणचाच दुसरा अवतार होय.

मला दिलेला वेळ संपत आला. आपण सुटीचा प्रवास कशासाठीं करतों? बहुतेक वेळां पोंचण्यासाठीं. आसनगांव हें पोंचण्याचें ठिकाण नव्हे म्हणून कोणी तेथें उतरत नाहीं. कालव्यानें मला एवढेंच शिकविलें कीं ताशीं आठ किलोमीटरांनीं गेलें तर वाटेंतल्या माणसाचें बोलणें ऐकूं येतें. आमच्याकडे तशी नाव नाहीं, पाय आहेत. एकदां चैत्रांत पहांटे या. पिण्यासाठीं नको; फूल वेंचतांना पहाण्यासाठीं या. वाळलेलीं फुलें कोणी विकावयास बसलेली असेल तर घासाघीस न करतां घ्या, आणि घरीं नेऊन त्यांची खीर करून पहा. आणि त्या बाईला विचारा, कोणत्या झाडाचें फूल गोड. ती प्रथम हळू बोलेल. आपण थांबलांत तर तिचा आवाज मोठा होईल.

त्या फ्रेंच म्हाताऱ्याला मीं अलीकडे मुलीकडून पत्र लिहविलें. त्यांत लिहिलें, “आपल्या प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें राहिलें होतें. आमच्या गांवच्या मातींत मोह होतो. त्याचें फूल पहांटे गळतें, आणि त्याची विद्या बायकांपाशीं आहे.” सोबत कागदाच्या पुडींत पांचसात वाळलीं फुलें घातलीं होतीं. त्यांचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. पण पत्र टपालांत टाकतांना, श्रोतेहो, मला लाज वाटली नाहीं.